हवा वाढवली, इंधनाचं काय?

डिसेंबरातल्या पहाटे बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. मागं उसानं खचाखच भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं चढ, आणि चालकानं गिअर टाकला की सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट. बघणारे म्हणतात, ‘लोड घेतोय.’ पण त्या धुराचा अर्थ वेगळाच असतो. इंजिनात जेवढी हवा शिरली, तिला पचेल त्यापेक्षा जास्त डिझेल आत गेलं. ते पुरतं जळलं नाही. मालकाच्या खिशातले पैसे काजळी होऊन आभाळात गेले.

आता याच्या नेमकी उलटी स्थिती मनात आणा. पेट्रोलच्या गाडीत हवा भरपूर शिरली आणि इंधन कमी पडलं. अशा वेळी धूर येत नाही, वास येत नाही, गाडी तर उलट जोरात पळतेय असं वाटतं. आणि काही क्षणांत पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडू शकतं. सुपरचार्जर बसवलेल्या वेगवान गाडीची इंधनव्यवस्था वाढवावी लागते ती हे टाळण्यासाठी. हा विषय फक्त शर्यतीच्या शौकिनांचा आहे असं समजू नये. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमधून आपल्या मोटारसायकलच्या टाकीत परत येतंय, आणि त्यानं हाच प्रश्न लहान प्रमाणात प्रत्येकाच्या दारात आणून ठेवला आहे.

भाता आणि निखारा

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. गच्चीवर असते तशी हजार लिटरची टाकी घेतली, तर अशा नऊ टाक्या भरून हवा. म्हणजे इंजिन हे आधी हवा ओढणारं यंत्र आहे. इंधन ओतणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये हवा कोंबणं अवघड असतं.

लोहाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोळसा तोच, पण भाता मारला की निखारा पांढरा होतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. इंजिनाच्या शाफ्टवरून पट्ट्यानं फिरणारा हा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या भावांनी १८६० मध्ये असा हवा ढकलणारा पंखा पेटंट केला, तेव्हा मोटारगाडीचा जन्मही झाला नव्हता. गॉटलीब डाइमलरनं १८८५ मध्ये दाबलेली हवा इंजिनाला देण्याचं पेटंट घेतलं. पुढं १९२१ मध्ये मर्सिडीजनं सुपरचार्जरच्या गाड्या लोकांसमोर आणल्या. ‘कॉम्प्रेसर’ हा शब्द त्यांच्या गाड्यांच्या नावात पुढं अनेक वर्षं टिकला.

आपल्या ट्रॅक्टर-ट्रकला असतो तो टर्बो. काम तेच, फक्त त्याचा पंखा पट्ट्याऐवजी सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या झोतावर फिरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सुपरचार्जर फिरवायला इंजिनाची थोडी ताकद खर्च होते, पण पाय दाबल्या क्षणी तो कामाला लागतो.

दाब किती वाढला याला ‘बूस्ट’ म्हणतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण एक बार असतो. त्यावर अर्धा बार बूस्ट दिला, तर ढोबळमानानं दीडपट हवा आत जाते. प्रत्यक्षात थोडी कमी जाते, कारण दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून मध्ये ती थंड करणारा इंटरकूलर बसवतात. हवा दीडपट झाली की इंधनही त्याच मापानं वाढायला हवं. खरी परीक्षा तिथून सुरू होते.

विहीर, मोटर आणि ड्रिप

गाडीतली इंधनाची वाट समजून घ्यायला माजलगावच्या शेतकऱ्याला वेगळ्या आकृतीची गरज नाही. ठिबकचा ऊस डोळ्यांसमोर आणावा. पेट्रोलची टाकी म्हणजे विहीर. टाकीत बुडालेला इलेक्ट्रिक पंप म्हणजे सबमर्सिबल मोटर. फिल्टर तोच, मेनलाइनच्या जागी इंधनाची नळी, लॅटरलच्या जागी इंजिनावरची ‘रेल’ नावाची जाड नळी, आणि शेवटचा ड्रिपर म्हणजे इंजेक्टर. फरक एवढाच, की ड्रिपर सतत ठिबकतो आणि इंजेक्टर सेकंदात कितीतरी वेळा उघडझाप करून बारीक फवारा मारतो.

शेतात जे नियम, तेच इथं. हेड वाढलं की मोटरचं पाणी कमी होतं. तसंच दाब वाढला की पंपाचं पेट्रोल कमी होतं. लो व्होल्टेज असलं की मोटर गुरगुरते आणि पाण्याची धार बारीक होते. गाडीच्या पंपालाही साडेतेरा व्होल्टऐवजी बारा व्होल्टच मिळाले तर त्याचा पुरवठा घसरतो. पंपाच्या खोक्यावर ‘ताशी २५५ लिटर’ छापलेलं असतं, ते ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला खरं असतं. म्हणून जाणता मेकॅनिक मोठा पंप बसवतानाच बॅटरीपासून जाड वायर आणि स्वतंत्र रिले टाकतो. जुन्याच बारीक वायरवर नवा पंप चालवणं म्हणजे साडेसात एचपीची मोटर झिजलेल्या केबलवर चालवणं.

विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर हवा ओढते, तसंच गाडीतही होतं. जोरात वळण घेताना टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. त्या क्षणी इंजिन पूर्ण ताकदीवर असेल तर घात होतो. शर्यतीच्या गाड्यांमध्ये यासाठी पंपाभोवती सतत भरलेली छोटी टाकी ठेवतात, तिला ‘सर्ज टँक’ म्हणतात.

या वाटेत एक भाग असा आहे, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं: दाब सांभाळणारा रेग्युलेटर. इंजेक्टरच्या एका टोकाला इंधनाचा दाब असतो, तर दुसरं टोक हवेच्या नळीत उघडतं. साध्या गाडीत रेलमध्ये तीन बार दाब पुरतो. पण सुपरचार्जरनं त्या हवेच्या नळीत अर्धा बार दाब तयार केला, की इंजेक्टरला समोरून तेवढा विरोध होतो आणि फवारा कमी पडतो. जास्त इंधन लागतं त्याच क्षणी कमी इंधन जातं. म्हणून रेग्युलेटरला हवेच्या नळीशी एका बारीक पाइपनं जोडतात. बूस्ट अर्धा बार चढला की इंधनाचा दाबही तीनवरून साडेतीन बार होतो आणि दोन्हींमधला फरक कायम राहतो.

कागदावरचा हिशोब

समजा दोन लिटरची, चार सिलिंडरची, १५० हॉर्सपॉवरची पेट्रोल गाडी आहे. तिला अर्धा बार बूस्टचा सुपरचार्जर लावून २१० हॉर्सपॉवर काढायचे आहेत.

साधं पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर एका हॉर्सपॉवरला ताशी सुमारे सव्वादोनशे ग्रॅम इंधन घेतं. सुपरचार्जरवालं इंजिन सुमारे २७० ग्रॅम घेतं, कारण त्याला थंड ठेवण्यासाठी मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे २१० हॉर्सपॉवरला ताशी जवळपास ५७ किलो, लिटरमध्ये साधारण ७७. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला सुमारे ३२० सीसी. पण इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवून चालत नाही. ८० टक्क्यांपुढं तो तापतो आणि त्याचा नेम राहत नाही. ती सोय धरली की प्रत्येकी ४०० सीसीचा इंजेक्टर हवा. मूळ १५० हॉर्सपॉवरला याच हिशोबानं २४० सीसी पुरत होते.

वेळेचाही विचार करावा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरच्या वाट्याला दर दोन फेऱ्यांमागे एक फवारा येतो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक. त्यातला ८० टक्के वेळ म्हणजे १६ मिलिसेकंद. जे द्यायचं ते सगळं इंधन या १६ मिलिसेकंदांत आत गेलं पाहिजे. छोट्या इंजेक्टरला तेवढ्यात ते जमणारच नाही, इंजेक्टर चालवणाऱ्या ‘ईसीएम’ नावाच्या कॉम्प्युटरनं कितीही हुकूम सोडले तरी.

काही जण इंजेक्टर तेच ठेवून फक्त दाब वाढवतात. याला मर्यादा आहे. दाब आणि प्रवाह यांचं नातं वर्गमुळाचं असतं. दाब तीनवरून चार बार केला तर इंधन फक्त १५ टक्के वाढतं. दुप्पट इंधन हवं असेल तर दाब चौपट करावा लागेल. इतक्या दाबाला पंपच मान टाकतो. उलट, गरजेपेक्षा खूप मोठा इंजेक्टर बसवला तर गाडी उभी असताना लागणारं चिमूटभर पेट्रोल त्याला मोजता येत नाही. गाडी झटके खाते, प्लग काळे पडतात. तेव्हा मोठं ते चांगलं, असं इथं नसतं. बेताचं ते चांगलं.

लीन झालं की काय होतं

गॅरेजच्या भाषेत इंधन कमी पडलं की गाडी ‘लीन’ आणि जास्त झालं की ‘रिच’. बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात मुद्दाम रिच ठेवतात, १४.७ ऐवजी साडेअकरा-बारा किलो हवेला एक किलो पेट्रोल. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं आणि सिलिंडर थंड राहतो.

लीन झालं की तो थंडावा जातो. तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाचा उरलेला कोपरा आपोआप पेटतो आणि धातूवर घण मारल्यासारखा आवाज येतो. हे ‘नॉकिंग’. साध्या इंजिनात ते हलकं असेल तर बराच काळ चालून जाईल. बूस्टच्या इंजिनात काही सेकंद पुरतात. म्हणून अशा गाडीत सायलेन्सरच्या नळीवर हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा ‘वाइडबँड’ सेन्सर आणि डॅशबोर्डवर इंधनदाबाचा काटा हवाच. बूस्ट वाढवणं हे सगळ्यांत शेवटचं काम. त्याआधी कॉम्प्रेशन तपासणं, पंप आणि वायरिंग, रेग्युलेटर, इंजेक्टर, फिल्टर, नळ्या, आणि मग ईसीएमचा नवा मॅप, म्हणजे कधी किती इंधन द्यायचं याचा तक्ता. या क्रमात घाई केली तर गाडी घाई माफ करत नाही.

सुपरचार्जरच्या इंजिनाला इंधनानं दगा दिल्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण आकाशातलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांत रोल्स-रॉइसचं सुपरचार्जर असलेलं मर्लिन इंजिन होतं. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचं इंधन आल्यावर त्याचा बूस्ट दर चौरस इंचाला सहा पौंडांवरून बारापर्यंत नेता आला. पण वैमानिकानं नाक खाली घालून एकदम झेप घेतली की कार्बुरेटरमधलं पेट्रोल वर फेकलं जाई. इंजिन आधी उपाशी राहायचं, मग पेट्रोलनं तुंबायचं आणि बंद पडायला बघायचं. जर्मन विमानांत थेट इंजेक्शन असल्यानं त्यांना ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या अभियंता बिअट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये इलाज काढला: इंधनाच्या वाटेत बसवायची, मोजक्या भोकाची एक छोटी पितळी चकती. पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल तिच्यातून जायचं, तुंबेल इतकं नाही. हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा प्रश्न बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यानं सोडवला, कारण त्यांनी आधी मोजलं होतं.

उसाचा रस टाकीत

आता पुन्हा उसाकडे. इथेनॉल हे सुपरचार्जरचं लाडकं इंधन आहे. त्याचा ऑक्टेन आकडा १०८च्या आसपास असतो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. दाबलेल्या, तापलेल्या हवेला याहून चांगला सोबती नाही. स्वीडनच्या कोनिगसेगनं २००७ मध्ये आपल्या सुपरचार्ज्ड व्ही-आठ इंजिनाला ८५ टक्के इथेनॉलवर चालवलं. पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवर देणाऱ्या त्या इंजिनाची ताकद १०१८ झाली. अमेरिकेतल्या डॉजच्या २०२३च्या डेमन १७० गाडीनंही याच इंधनावर १०२५ हॉर्सपॉवर गाठले.

पण ही ताकद फुकट मिळत नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते आणि त्याला हवाही कमी लागते: एका किलोला नऊ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त ओतावं लागतं. ८५ टक्के मिश्रणाला ३० ते ४० टक्के जास्त इंधन लागतं. आपल्या उदाहरणातले ४०० सीसीचे इंजेक्टर तिथं साडेपाचशेवर न्यावे लागतील, पंपही त्याच प्रमाणात. कोनिगसेगनंही इंजेक्टर आणि नळ्या बदलल्याच.

आपल्या पंपावर मिळतं ते ई-२०, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूला त्याची सुरुवात केली आणि २०२५ मध्ये देशानं २० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०१४ च्या सुमारास हेच प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर साधारण ७० लिटर मिळतं, हे समजलं की माजलगावच्या उसाचा या बदलाशी किती जवळचा संबंध आहे ते कळतं. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं होतं, की जुन्या, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के उतरेल. शेतकऱ्याच्या उसाला नवं गिऱ्हाईक मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. ॲव्हरेज थोडं उतरतं, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी सांगावं, यातच प्रामाणिकपणा आहे.

ई-२० ला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आणि ईसीएम मिळून ते बहुतांशी जुळवून घेतात. जुन्या कार्बुरेटरच्या मोटारसायकलला ती अक्कल नसते. त्यातल्या जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल. ती थोडी लीन चालते, सकाळी उशिरा सुरू होते, पिकअप देत नाही. दुसरा प्रश्न नळ्यांचा. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, चिकट करतं, आणि हवेतली ओल ओढून घेतं. २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० सोसणारं रबर आणि प्लॅस्टिक वापरलं जातं. त्याआधीच्या गाड्यांना लक्ष द्यावं लागतं.

इथं माजलगाव, धारूर, वडवणीकडच्या घरांसाठी एक अगदी कामाची गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपं कोयता घेऊन कारखान्यावर जातं आणि मोटारसायकल पाच-सहा महिने दारात उभी राहते. जाताना कॉक बंद करून कार्बुरेटरचा खालचा स्क्रू सोडावा आणि वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं. टाकी अर्धवट ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतली ओलच पेट्रोलमध्ये उतरते. परत आल्यावर नळी बोटानं दाबून बघावी. चिकट लागली किंवा भेग दिसली तर बदलावी. त्या नळीसाठी लागणारे पैसे इंजिनाच्या कामापुढं काहीच नाहीत.

पंप वाढवायच्या आधी

शेवटी पुन्हा तो ट्रॅक्टर. डिझेलमध्ये इथेनॉल नसतं आणि डिझेल इंजिनाचं गणितही वेगळं. तिथं हवा सहसा जास्तच असते आणि ताकद डिझेलच्या मापावर ठरते. म्हणून ‘पंप वाढवून द्या’ ही मागणी हंगामात नेहमी ऐकू येते. चार दिवस ट्रॅक्टर जोरात ओढतो. मग सायलेन्सर लाल होतो, ऑइल काळं पडतं आणि हेड गॅस्केट जातं. बऱ्याचदा दुखणं पंपात नसतंच.

पंप-नोझलच्या दुकानात एकदा नोझलची, म्हणजे डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोंडाची, तपासणी उभं राहून बघावी. मेकॅनिक नोझल टेस्टरला लावतो, हातानं दांडी दाबतो. काटा चढत जातो, दोनशे बारच्या आसपास ‘चर्र’ असा आवाज होतो आणि धुक्यासारखा फवारा सुटतो. नोझल खराब असेल तर आवाज येत नाही. फवाऱ्याऐवजी एक बारीक धार निघते आणि टोकाला थेंब लोंबत राहतो. तो थेंब म्हणजेच चढावरचा काळा धूर. तिथं नोझल बदलावा, एअर फिल्टर झाडावा, टर्बोच्या पाइपला गळती आहे का बघावं. हरवलेली ताकद बऱ्याचदा तिथंच सापडते. हा नोझल नाशिकच्या बॉशच्या कारखान्यातून आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्या कारखान्याला नाशिककर आजही ‘मायको’ म्हणतात.

रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन मनाला येईल तसं बदलायला कायदाही परवानगी देत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्राशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. सुपरचार्जर, मोठे इंजेक्टर, नवा मॅप हे शर्यतीच्या बंद ट्रॅकवर शोभतं.

ज्याला ते करायचं आहे, त्यानं आणि ज्याला फक्त ट्रॅक्टर जोरात ओढायला हवा आहे, त्यानंही मेकॅनिकला आधी एकच प्रश्न विचारावा: ‘पूर्ण लोडवर किती इंधन लागतं आणि किती पोचतंय, ते मीटरवर दाखवता का?’ जो दाखवेल त्याच्याच हाती गाडी द्यावी.